लाल थेंबाचं कार्ड

माझा साडू नात्याने माझ्यापेक्षा मोठा आणि वयाने लहान आहे. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणून मी त्याला ‘अहो’ म्हणायचं आणि त्याने मला ‘अरे’. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला हे ठरलं, तेव्हापासून माझ्या घशात जो काटा अडकला तो अजून निघालेला नाही. मी सकाळी चालायला जायला लागलो तर ह्याने पळायचे बूट घेतले. मी बाल्कनीत कढीपत्ता लावला तर ह्याच्या मुलुंडच्या गच्चीवर ड्रॅगनफ्रूट आलं. माणूस वाईट नाही असं माझी बायको म्हणते. बहिणीचा संसार टिकावा म्हणून बायका असं म्हणतात.

त्यामुळे मी माझी लहानपणची क्रिकेटची कार्डं माळ्यावरून खाली काढली तेव्हाच मला कळायला हवं होतं की हाही मागोमाग येणार.

ही कार्डं म्हणजे आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात निघायची ती. पुढे खेळाडूचा फोटो, मागे इतके रन किंवा इतक्या विकेट असं काहीतरी छापलेलं. गम दाताला चिकटायचं, चव दोन मिनिटांत संपायची, पण कार्डासाठी आम्ही जबडे झिजवले. तेव्हा आम्ही बोरीवलीतच, चाळीत होतो. वडील गिरणीत. माझ्याकडे एका फलंदाजाचं कार्ड होतं, ड्राइव्ह मारून वाकलेला, आणि त्याच्या बॅटच्या टोकाशी एक लाल थेंब. बरोबर तिथेच, जिथे चेंडू असायला हवा. लहानपणी मला तो चेंडूच वाटायचा.

मोठेपणी, म्हणजे केस गेल्यावर, मला कळलं की जगात अशी चुकीची छापलेली कार्डं शोधणारी माणसं असतात आणि त्यांचा एक कट्टा दर रविवारी सकाळी अंधेरीत एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भरतो. कट्टा म्हणजे काय, सात-आठ पोक्त पुरुष, मध्ये इडलीच्या बशा, आणि एका जुन्या कार्डावरून अशी भांडणं की वाटावं जमिनीचा वाद आहे. तिथे प्रेमाने कोणी बोलत नाही. कोणी नवीन कार्ड आणलं की पहिलं वाक्य, ‘हे खोटं आहे.’ मग ते खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आणणाऱ्याची. नवी छापलेली कार्डं चहात बुडवून म्हातारी करणारे लोक आहेत, त्यामुळे कट्ट्यावर आधी कार्डाचा वास घेतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अध्यक्षांनी माझं कार्ड नाकाशी धरलं आणि म्हणाले, डांबरगोळी. मी पास झालो.

अध्यक्ष घाटकोपरचे, बँकेतून निवृत्त. सही जुळत नाही म्हणून आयुष्यभर लोकांचे चेक परत पाठवलेला माणूस. कट्ट्याचा नियम त्यांनीच केलेला. खोटी वस्तू खरी म्हणून मांडली की त्या माणसाने कट्ट्यावर तोंड उघडायचं नाही. यायचं असेल तर या, इडली खा, पण बोलायचं नाही.

आणि मला तर बोलण्यासाठीच जायचं असायचं. मरोळच्या ऑफिसात मी लिफ्टच्या तक्रारी नोंदवून घेतो. म्हणजे दिवसभर ऐकतो. घरी आई बोलते, बायको बोलते, मुलगी कानात ती इअरफोनची बोंडं घालून बसते. मी काही सांगायला लागलो की कुकरची शिट्टी होते. कट्ट्यावर मात्र मी चुकांचा जाणकार झालो होतो. कसा झालो ते विचारू नका. दोन व्हिडिओ पाहिले आणि आत्मविश्वास घरचाच होता. उलटी फिल्म लागली की उजवा फलंदाज डावखुरा छापला जातो. रंग सरकला की एका माणसाला दोन हेल्मेटं दिसतात. कागद चुकीच्या जागी कापला की वर गोलंदाजाचं डोकं आणि खाली यष्टिरक्षकाचे पॅड. त्याला आम्ही अर्धनारीनटेश्वर म्हणायचो. हे सगळं मी समजावून सांगायचो आणि लोक इडली थांबवून ऐकायचे.

माझ्या लाल थेंबाची मी एक खास उपपत्ती बसवली होती. छपाईच्या रुळाच्या कडेला शाई साचते आणि पाळी संपता संपता ती एका कागदावर गळते. फक्त एका. म्हणून असं कार्ड एकमेव. हे मी इतक्या वेळा सांगितलं की मला त्या रुळाचा आवाजही ऐकू यायला लागला होता.

मग साडू कट्ट्यावर आला. रीतसर, माझी ओळख सांगून. आणि काही महिन्यांत त्याने तेच कार्ड आणलं, तोच फलंदाज, तसाच लाल थेंब, फक्त चेंडूऐवजी पॅडवर. ऑनलाइन कुठूनतरी मिळवलेलं. वर ते कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद, एका तपासणी करणाऱ्या कंपनीचा शिक्का मारलेलं. त्यावर इंग्रजीत छपाईदोष असं लिहिलेलं. त्याने माझ्या उपपत्तीवर भरवसा ठेवून ते घेतलं होतं आणि आता माझ्या एकमेवपणाच्या बोकांडी बसला होता.

अध्यक्षांना तेवढंच हवं होतं. बोरीवलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये कट्ट्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि मधल्या काचपेटीत थेंबाचं कार्ड ठेवायचं होतं. ते म्हणाले, थेंब एकदाच गळतो असं तुम्हीच सांगता, मग दोन कशी? तुमच्यातलं एक खोटं आहे. कुठलं ते ठरवून या.

म्हणजे मी तरी गप्प होणार, नाहीतर साडू. मला दुसरा पर्याय फार आवडला.

साडूने निवाड्यासाठी जागा निवडली आपलं घर आणि वेळ निवडली सासूबाईंच्या वाढदिवसाचं जेवण, म्हणजे प्रेक्षक आयते. मी बायको आणि आईला घेऊन मुलुंडला गेलो. आईला तिथे जायला आवडतं कारण त्यांचा सोफा मऊ आहे. जेवणं झाली आणि ह्याने फोनला लावायचं एक भिंग काढलं आणि चित्र थेट टीव्हीवर दाखवलं. त्यांचा टीव्ही भिंतीएवढा. माझा लाडका फलंदाज ढोपरापासून बुटापर्यंत त्या घरभर पसरला.

भिंगाखाली छापील चित्र म्हणजे नुसते ठिपके असतात, निळे, पिवळे, गुलाबी, काळे, रांगोळीसारखे. पॅडला ठिपके, गवताला ठिपके. माझ्या थेंबावर भिंग आलं तर तिथे ठिपके नव्हते. मी लगेच सांगितलं की गळलेल्या शाईला ठिपके नसतातच. साडू म्हणाला, शाई कागदात मुरते, हे वर बसलंय. बघ, कण दिसतायत. भुकटी आहे.

खरंच दिसत होते. भिंतीभर लाल वाळू.

“हे हाताने लावलंय,” तो म्हणाला. सासूबाईंसमोर, मेव्हणीसमोर, माझ्या बायकोसमोर. “तूच लावलंयस. आणि आम्हाला रुळाच्या गोष्टी सांगत होतास.”

मी आयुष्यात अनेक गोष्टींत कमी पडलो आहे, पण कार्डावर रंग फासण्याइतकी कल्पकता माझ्यात कधीच नव्हती. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सोफ्यावरून आई बोलली. ती इतका वेळ टीव्हीवर काय लागलंय ते बघत होती.

“ती पिंजर आसा,” आई म्हणाली.

आमच्याकडे, म्हणजे मालवणीत, पिंजर म्हणजे कुंकू. हे त्या खोलीत फक्त मला कळलं. आणि माझ्या बायकोला. बाकी सगळे सांगलीचे, आणि साडू मूळचा पुण्याचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या घरात जे काही कामाचं असेल ते पाटावर मांडलं जायचं. वडिलांचा डबा आणि चाव्या, आईची विळी, माझी पाटी. माझं कामाचं काय, तर कार्डं. मी ती पंख्यासारखी मांडायचो आणि आई ओल्या बोटाने हळद-पिंजर लावत जायची. एका क्षणात सगळं समोर आलं. तो रूळ, ती साचलेली शाई, संपत आलेली पाळी, सगळं वाहून गेलं आणि उरलं आईचं बोट.

“पिंजर म्हणजे?” साडूने विचारलं. त्याने विचारलं आईला, पण बघितलं माझ्याकडे. “छपाईतला शब्द आहे का?”

आता बघा, माणसाला बुडताना काडी मिळते असं म्हणतात. मला ती शत्रूनेच फेकली होती.

“हो,” मी म्हणालो. “जुना शब्द आहे. शाई सुकून तिची पूड झाली की तिला पिंजर म्हणायचे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने फक्त आईच्या हातातली बडीशेपेची वाटी काढून घेतली आणि तिला आत बिछान्यावर पडायला नेलं. आईला ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळे तिला वाटलं मी तिचंच म्हणणं समजावून सांगतोय. जाताना मान हलवून गेली.

साडूचं मात्र संपलं नव्हतं. त्याच्या डोक्यात काहीतरी फिरत होतं. मग तो उठला, आपली सीलबंद पेटी आणली आणि भिंग तिच्यावर धरलं. प्लास्टिकमधून थोडं धूसर, पण दिसलं. ठिपके नव्हते, कण होते.

“म्हणजे माझंही पिंजर,” तो म्हणाला. आवाजात असा आनंद की जणू डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल सांगितला.

परतताना रिक्षात बायको म्हणाली, पिंजर काय रे? शाईची पूड? लाज नाही वाटत, आईच्या तोंडावर? मी म्हणालो, निदान ‘हाताने लावलंय’ हे तर त्याला मागे घ्यावं लागलं. ती म्हणाली, हाताने लावलं नाही तर काय पायाने लावलं? मग आई मध्येच म्हणाली की मुलुंडची आमटी आंबट होती, आणि विषय संपला.

पुढच्या रविवारी मी कट्ट्यावर पोचेपर्यंत साडूने तिथे भाषण सुरू केलं होतं. पिंजर हा जुन्या छापखान्यातला विसरलेला शब्द. तो आपण शोधून काढला. पूड एका वेळी अनेक कागदांवर पडू शकते, म्हणून अशी कार्डं एकाहून जास्त असणं साहजिक. ‘ह्याच्या रुळाच्या गोष्टीत काही अर्थ नव्हता,’ हेही सांगून झालं. मी माझीच थाप त्याच्या तोंडून ऐकत होतो आणि ती त्याने माझ्यापेक्षा बरी सांगितली, हे अधिक झोंबलं. अध्यक्ष खूष. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवायची आणि खाली मोठ्या अक्षरात लिहायचं, ‘पिंजर: एक दुर्मीळ छपाईदोष’.

मोठ्या अक्षरात. मराठीत. बोरीवलीत.

माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडणार नाही. थाप मारायची तर माणसाने निदान परक्या भाषेत मारावी. बोरीवलीत दर तिसरं दार कणकवली नाहीतर कुडाळच्या माणसाचं आहे. तिथे पिंजर म्हणजे छपाईदोष असं सांगणं म्हणजे कोळणीला सुरमई कशी ओळखावी हे शिकवणं. प्रदर्शनाच्या सकाळी मी तो कागद हळूच बदलायला लवकर गेलो, तर साडू आधीच काचपेटीजवळ उभा. नवा कुर्ता. तो म्हणाला, तू त्या अर्धनारीनटेश्वराकडे उभा रहा, पिंजर मी सांभाळतो.

पहिला तासभर देव पावला. गुजराती मंडळी आली, चार शाळकरी पोरं आली, एक गृहस्थ फक्त एसीसाठी आले. साडू प्रत्येकाला पिंजर समजावत होता. दोन बायका कागद वाचून एकमेकींकडे बघत, तोंडाला पदर लावून गेल्या. साडूला वाटलं, भारावल्या.

मग माझी आई आली.

ती येऊ नये म्हणून मी खूप प्रयत्न केले होते. हॉलला जिना आहे सांगितलं, गर्दी आहे सांगितलं. पण मेव्हणीने तिला फोन करून सांगितलं होतं की तुमच्या पिंजरचं प्रदर्शन आहे, आणि प्रदर्शनाचा हॉल आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आई कडक साडी नेसून, बायकोचा हात धरून आली. बायकोचा चेहरा बघूनच मला कळलं की ती मला वाचवणार नाही.

आईने काचेवर वाकून कार्ड बघितलं. मग खालचा कागद अक्षर लावून वाचला. फार आनंद झाला तिला. अध्यक्ष शेजारीच होते, ते नम्रपणे म्हणाले, मावशी, तुम्हाला पिंजर माहीत आहे का?

“माहीत म्हणजे?” आई म्हणाली. “मीयाच लावलंय. दसऱ्याक.”

अध्यक्ष म्हणाले, काय लावलंत? आई म्हणाली, पिंजर. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला त्यांची कीव आली असावी.

“कुकू रे बाबा. तुमच्यात काय म्हणतत?”

मग मघाच्या दोन बायकांपैकी एक हॉलच्या दारात जोरात हसली. ती हे बघायलाच परत आली होती. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. चेक परत पाठवताना ते असेच बघत असणार.

साडू माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “तुला त्या दिवशीच माहीत होतं. माझ्या घरात बसून, माझ्या आमटीवर ताव मारून तू मला कुंकवाला शाई म्हणायला लावलंस.” मी म्हणालो, अहो, शब्द छपाईतला आहे का हे तुम्हीच विचारलंत. तो म्हणाला, कार्ड खरं आहे रे तुझं, तूच नकली आहेस. आणि हे मात्र हळू म्हणाला नाही.

अध्यक्षांनी काचपेटी उघडली. ते रागावले नव्हते, त्यापेक्षा वाईट, ते नियमाप्रमाणे वागत होते. म्हणाले, कार्डं दोन्ही खरी असतील. दोष खोटा आहे. खोट्या दोषासकट मी ती मांडणार नाही. तुम्ही ते कुंकू पुसा, मी साधं जुनं कार्ड म्हणून मांडतो आणि हा विषय इथेच संपवतो. रविवारी या, नेहमीसारखं बोला.

तसा उदार प्रस्ताव होता. ओल्या कापसाने क्षणात गेलं असतं. पण ते ‘कुंकू पुसा’ म्हणाले आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्या मराठी माणसांनी एकदम खाली बघितलं. कारण समोर आई उभी होती. वडील गेल्यापासून तिने कपाळाला काही लावलेलं नाही. आम्ही सांगून पाहिलं, सुनेने सांगून पाहिलं, आताच्या काळात कोण बघतं म्हणून. ती म्हणते, माका नको.

आईला मात्र त्यातलं काही जाणवलं नसावं, किंवा जाणवलं असलं तरी तिला तिथे वेळ घालवायचा नव्हता. मुलाची अडचण तिला कळली होती. तिने पदराचं टोक जिभेला लावलं आणि हात पुढे केला.

“कागदाचा काय होता? दी हय, मी पुसतंय.”

मी कार्ड तिच्या हाताखालून ओढलं. इतक्या जोरात की बायको ‘अहो’ म्हणाली, जे ती फक्त मी गाडीखाली येत असेन तर म्हणते. “नको,” मी म्हणालो. अध्यक्षांना म्हणालो, राहू दे. मग तुम्ही बोलणार नाही, ते म्हणाले. मी म्हणालो, हो, नाही बोलणार. मला ‘आईच्या हातचं आहे’ असं काहीतरी भारदस्त म्हणायचं होतं, पण निघाला तो खोकलाच. कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. नंतर लक्षात आलं की ज्या माणसाने लोकांना कार्डाच्या कोपऱ्याला बोट लावू दिलं नाही, त्याने ते बसच्या तिकिटासारखं कोंबलं होतं.

आणि साडू? त्याने आपली पेटी उचलून सगळ्यांना दाखवली. हे सीलबंद आहे, म्हणाला. पुसता येत नाही, उघडता येत नाही. आणि हे कुंकूच आहे असं कुठे सिद्ध झालंय? शिक्का बघा, छपाईदोष लिहिलंय. अध्यक्ष शिक्क्यापुढे आयुष्यभर वाकत आले होते, तेव्हाही वाकले. त्याची पेटी काचेखाली परत गेली. खालचा कागद तेवढा उलटा करून ठेवला.

आईने ती पेटी डोळ्यांजवळ आणून बघितली होती. म्हणाली, “ह्याही कोणाच्या तरी आवशीन लावलेला आसतला.” आवस म्हणजे आई. साडू म्हणाला, आई, तुम्ही बसा, मी खुर्ची आणतो. आणि खुर्ची आणून तिला पार दुसऱ्या टोकाला, डावखुऱ्या फलंदाजांपाशी बसवलं.

आता चुकांचा जाणकार तो आहे. रुळाच्या कडेला शाई साचते आणि पाळी संपता संपता गळते, हे तोच सांगतो असं कानावर येतं. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, काय रे, तुझं सौभाग्यवती कार्ड काय म्हणतंय? मेव्हणी हसली. मी जिलबी घेतली. अजून एक घेतली, त्याच्या नावाने चावून चावून खाल्ली.

रविवारी सकाळी आता मी घरी असतो, त्यामुळे मला कामं मिळतात. परवा कोथिंबीर निवडायला बसवलं होतं. हात चालू होते, समोर बायको होती, शांतता होती, म्हणून मी सांगायला सुरुवात केली की फिल्म उलटी लागली ना, की उजव्या हाताचा माणूस डावखुरा होतो, पण त्याच्या शर्टावरचं नावही उलटं येतं आणि छापणाऱ्याचं तिकडे लक्षच जात नाही.

ती म्हणाली, देठं फेकू नकोस, वेगळी ठेव.